मुंबईत चित्रं आणि फोटोंची प्रदर्शनं बघायला सुरुवात कुठून करावी

‘सध्या मुंबईत कुठली प्रदर्शनं लागलीत?’ असं कुणी विचारलं की मी यादी देत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीची यादी येत्या मंगळवारी शिळी होते. त्यापेक्षा कुठल्या जागी काय लागतं, किती दिवस राहतं आणि कुठला वार कुठे बंद असतो एवढं एकदा डोक्यात बसलं की कुणाला विचारत बसावं लागत नाही. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. गॅलरीच्या काचेच्या दारापर्यंत जाऊन ‘आपल्याला काय कळणार त्यातलं’ म्हणत परत फिरणाऱ्यांसाठी तर नक्कीच.

आधीच सांगून ठेवतो, एका दिवसात दोनच ठिकाणं करा: एक गॅलरी आणि एक संग्रहालय. लांबून लोकलने येणारी माणसं ‘आलोच आहोत तर सगळं उरकू’ म्हणतात आणि तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत त्यांचं लक्ष चित्रांपेक्षा बसायच्या बाकाकडे जास्त असतं.

वार आधी, प्रदर्शन नंतर

एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, आणि ते ज्या राणीच्या बागेत आहे ती बागही बुधवारीच बंद. कुलाबा-फोर्टमधल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी मात्र काही ठरावीक सुट्ट्या सोडल्या तर रोज उघडी.

जहांगीरमधली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. मंगळवारी सकाळी गेलात तर भिंतीवर अजून खिळे ठोकणं चालू असू शकतं. संध्याकाळी उद्घाटन असतं, तेव्हा नातेवाईक, हार-तुरे, फोटो आणि चहा, यात चित्र शोधावं लागतं. सोमवारी दुपारनंतर आवराआवर सुरू होते. गुरुवार-शुक्रवार सगळ्यात उत्तम. नोकरदारांना शनिवार. रविवारीच जमत असेल तर खासगी गॅलऱ्या सोडून द्या, बाकी सगळं उघडं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या जागेचं संकेतस्थळ किंवा इन्स्टाग्राम पान बघून घ्या. तिथे दोन गोष्टी तपासायच्या: शेवटची तारीख, आणि दालन दुरुस्तीसाठी बंद तर नाही ना. एक प्रदर्शन काढून दुसरं लावायला मोठ्या संग्रहालयांना बरेच दिवस लागतात. त्या मधल्या काळात गेलात तर तिकीट काढून रिकाम्या भिंती बघायची वेळ येते.

तीन जहांगीर

नवख्या माणसाचा हमखास घोळ इथे होतो. काळा घोडा परिसरात पाच मिनिटांच्या अंतरात तीन ‘जहांगीर’ आहेत. पहिली जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची, प्रवेश फुकट. दुसरा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालची इमारत, ज्यात १९९६ पासून एनजीएमए आहे. इथे तिकीट आहे, पण भारतीयांना अगदी किरकोळ, वीस रुपये. तिसरी जहांगीर निकल्सन यांची संग्रह-गॅलरी. ती वस्तुसंग्रहालयाच्या आत, दुसऱ्या मजल्यावर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जहांगीर’ सांगितलंत तर तो पहिल्याच ठिकाणी सोडेल.

सीएसएमटीहून दादाभाई नवरोजी रोडने हुतात्मा चौक आणि तिथून सरळ महात्मा गांधी रोड, असं पंधरा-वीस मिनिटांत चालत येता येतं. चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडून विद्यापीठाच्या बाजूने आलात तर त्याहून कमी. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांनी हुतात्मा चौक स्टेशनला उतरावं.

अकरा वाजता जहांगीर

गॅलरी अकराला उघडते, सातला बंद होते. बरेच लोक संध्याकाळी जातात, मी सकाळी जा म्हणेन. त्याचं कारण चित्रांपेक्षा चित्रकार. जहांगीरमध्ये ज्याचं प्रदर्शन तो कलाकार बहुतेक वेळा स्वतः दालनात टेबलामागे बसलेला असतो. सांगली, जळगाव, नांदेड, कुठून कुठून आलेला असतो. या भिंती मिळाव्यात म्हणून कित्येक वर्षं वाट बघितलेली असते, कारण इथली तारीख मिळणं सोपं नाही. सकाळी अकरा-साडेअकराला दालन रिकामं असतं आणि त्यालाही कुणीतरी बोलायला हवं असतं. संग्रहालयातल्या मोठ्या नावांशी तुम्हाला असं बोलता येणार नाही.

बोलायचं काय? ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न शक्यतो टाळा, त्यावर कलाकारही ठरीव उत्तर देतो. हातातल्या कामाबद्दल विचारा. ‘हा खालचा थर आधी लावला की नंतर?’ ‘एवढा मोठा कॅनव्हास गावाहून आणला कसा?’ कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळून आणला आणि इथे पुन्हा ताणून बसवला, असं कुणी सांगितलं की त्याच चित्राच्या कडांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता. मराठीतच बोला. इथे इंग्रजी फाडावं लागतं हा समज दारातच सोडा.

आत शिरण्याआधी वर बघा. दारावरचं ते लाटांसारखं काँक्रीटचं छप्पर दुर्गा बाजपेयी या वास्तुविशारदाच्या आराखड्यातलं आहे. १९५२ साली मुंबईत अशी इमारत नवलाचीच होती. तळमजल्यावर ऑडिटोरियम हॉल आणि एकापाठोपाठ एक दालनं आहेत, म्हणजे एकाच खेपेत तीन-चार वेगवेगळ्या कलाकारांची प्रदर्शनं. वर हिरजी जहांगीर गॅलरी. आणि टेरेस आर्ट गॅलरी, जी फोटोंसाठी आहे आणि जिथे निम्मे लोक पोचतच नाहीत, कारण जिना शोधावा लागतो. रखवालदाराला विचारा, तो दाखवतो.

आतलं सगळंच चांगलं असतं असं नाही. वारकऱ्यांची, गणपतींची, घोड्यांची आणि पावसातल्या छत्र्यांची चित्रं एका साच्यातून काढल्यासारखी इतकी लागतात की दोन-चार खेपांनंतर तुम्ही लांबूनच ओळखाल. एखादं दालन आवडलं नाही तर दोन मिनिटांत बाहेर पडा, कुणाला राग येत नाही. पण आवडलेल्या एका चित्रासमोर दहा मिनिटं थांबा. आधी लांबून, मग हातभर अंतरावरून, मग पुन्हा लांबून. जवळून नुसते ब्रशचे फटकारे वाटतात आणि मागे सरकलं की त्यातून ओला रस्ता दिसायला लागतो, ते नक्की कुठल्या पावलाला घडतं ते शोधा.

पावसाळ्यात इथे ‘मॉन्सून शो’ लागतो, नुकत्याच कलाशाळांतून बाहेर पडलेल्या मुलांच्या कामांचा. नवख्या प्रेक्षकाने सुरुवात करायला तो मला सगळ्यात आवडतो. कामं कच्ची असतील, पण साचा अजून पडलेला नसतो.

लेबल वाचायचं, पण नंतर

चित्राशेजारच्या चिठ्ठीवर साधारण हे असतं: कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, माध्यम, आकार. संग्रहालयात असेल तर ते कुणाच्या संग्रहातलं तेही. आकारात उंची आधी आणि रुंदी नंतर लिहितात. ‘कागदावर जलरंग, ५६ × ७६ सेंमी’ म्हणजे आडवं चित्र, जलरंगाच्या पूर्ण इंपीरियल कागदावर केलेलं. ‘शीर्षकहीन’ दिसलं तर बिचकू नका. कलाकाराला तुमच्या हातात किल्ली द्यायची नाही, इतकंच.

चिठ्ठीवर लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. किमती भिंतीवर नसतात, टेबलावर यादी असते. ती मागायला लाजायचं कारण नाही, मागणाऱ्यातले बहुतेक जण घेणार नसतात हे कलाकारालाही ठाऊक असतं.

दाराजवळच्या भिंतीवरचा मोठा मजकूर हा प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरचा असतो. कधी तो फार उपयोगाचा असतो, कधी इतका जड की वाचून धीर खचतो. माझी पद्धत अशी: पहिला परिच्छेद वाचायचा, एक चक्कर मारायची, मग उरलेला वाचायचा. चक्कर मारल्यावरही कळला नाही तर दोष मजकुराचा.

दुपारी, दोनातलं एक

आधी पोटाचं बघा. जहांगीरमधलं ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं आणि आतली ती स्वस्तातली बैठक गेली. आजूबाजूचे कॅफे देखणे आहेत आणि खिसा कापणारेही. फोर्टच्या आतल्या गल्ल्यांत, कोर्ट आणि बँकांच्या मागे, कचेरीतली माणसं जिथे थाळीला रांग लावतात तिथे जा.

मग एनजीएमए किंवा वस्तुसंग्रहालय. दोन्ही संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, म्हणून दोनच्या आत शिरलेलं बरं.

पहिल्यांदाच येणाऱ्याला मी एनजीएमए सांगेन. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी बांधलेला हा जुना सभागृहाचा डोलारा बाहेरून तसाच आहे. आत मात्र अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात आणि शेवटी घुमटाखालचं दालन येतं. एका वेळी बहुतेक एकच मोठं प्रदर्शन सगळी इमारत व्यापतं. त्यामुळे एका कलाकाराचं आयुष्य खालून वर चढत बघता येतं. २०१९ साली चित्रकार प्रभाकर बरवे यांचं असंच प्रदर्शन इथे झालं होतं. एका कलाकाराचं पन्नास वर्षांचं काम सलग बघितलं की तो कुठे अडला, कुठे सुटला, हे कुणी न सांगताही दिसतं. त्यासाठी कलेचा इतिहास शिकून यावं लागत नाही. गुडघे दुखत असतील तर मात्र आत शिरतानाच लिफ्टची चौकशी करा, जिने बरेच आहेत.

वस्तुसंग्रहालय, ज्याला जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात, तेही विटेट यांचंच. १९०५ साली पाया घातला, १९१४ ला इमारत उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं. लोकांसाठी ते उघडलं १९२२ साली. हे प्रचंड आहे. शिल्पं, लघुचित्रं, शस्त्रं, भुसा भरलेले प्राणी, सगळं बघायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही. तिकीट खिडकीवर सरळ विचारा, ‘सध्या तात्पुरतं प्रदर्शन कुठलं चालू आहे?’ आणि तेवढंच बघा. २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमसोबत भारत आणि जगाच्या इतिहासाचं जे प्रदर्शन इथे झालं, त्यातल्या बऱ्याच वस्तू एरवी बघायला लंडन गाठावं लागतं. कायमची दालनं पुढच्या वेळीही तिथेच असणार आहेत, तात्पुरतं निघून जाईल.

मग ताकद उरली तर दुसऱ्या मजल्यावर निकल्सन संग्रह. जहांगीर निकल्सन हे मुंबईचे कापसाचे व्यापारी, १९६८ पासून चित्रं घेऊ लागले आणि शेवटी आठशेच्या आसपास कामं जमली. रझा, हुसेन, सूझा, आरा, गायतोंडे ही नावं ऐकून माहीत असतात, ती इथे भिंतीवर भेटतात. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलाकारांचा गट काढणाऱ्या सहांमध्ये अमरावती जिल्ह्यातले ह. अं. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे होते, हे आपल्याकडे फार कुणी सांगत नाही. संग्रहातली कामं आलटून पालटून लावतात, त्यामुळे अमुक चित्र दिसेलच या भरवशावर जाऊ नका.

मोठी पिशवी सामानघरात ठेवावी लागते. मोबाइलने फोटो काढायचे तर नियम दारातच विचारा. फ्लॅश कुठेच चालत नाही. आणि दालनात दिवे मंद असले म्हणून कुरकुर नको. कागदावरची चित्रं आणि जुने फोटो उजेडाने विटतात, म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सइतकाच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवायची पद्धत आहे. दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात.

फोटोंचं प्रदर्शन वेगळं बघावं लागतं

आपण दिवसभर फोनवर अंगठ्याने फोटो सरकवत असतो. तीच सवय भिंतीसमोर आड येते. अंगठा नाही तर पाय सरकतात, आणि चाळीस फोटो दहा मिनिटांत संपतात.

एक प्रश्न प्रत्येक फोटोला विचारा: फोटो काढणारा कुठे उभा होता? होमाई व्यारावालांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. स्वतःच्या ओठांत सिगरेट धरून नेहरू ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नीची सिगरेट पेटवून देताहेत. बघताना सगळे नेहरूंकडे बघतात. पण कॅमेरा किती जवळ आहे ते बघा, आणि कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाहीये तेही. पंतप्रधानांच्या इतक्या जवळ उभं राहून कुणाला जाणवूही न देणं, ही त्या फोटोतली खरी कमाई. होमाईबाई मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. तेव्हा जुन्या फोटोखाली एखादं नाव दिसलं, किंवा नावच नसलं, तर तिथेही क्षणभर थांबा.

दुसरं, कडा बघा. चौकटीच्या काठावर कुणाचा हात तुटलाय, कोण अर्धवट आत आलंय, ते राहू दिलंय की राहून गेलंय? तिसरं, क्रम. चांगल्या फोटो-प्रदर्शनात कुठल्या फोटोशेजारी कुठला लावायचा यावर बराच विचार झालेला असतो. दोन फोटो जोडीने बघून एकमेकांशी काय बोलतात ते ताडा.

लेबलावर ‘सिल्व्हर जिलेटिन’ असेल तर तो अंधाऱ्या खोलीत रसायनांत धुतलेला कृष्णधवल प्रिंट. ‘आर्काइव्हल पिगमेंट’ म्हणजे टिकाऊ शाईने छापलेला, आजचा. एकोणिसाव्या शतकातले तपकिरी झाक असलेले बहुधा अंड्याच्या पांढऱ्यातले ‘अल्ब्युमेन’ प्रिंट. खाली ‘३/१०’ लिहिलेलं असेल तर दहाच प्रती काढल्या आणि ही तिसरी. काचेत तुमचंच तोंड दिसत असेल तर समोरून न बघता एक पाऊल बाजूला सरका.

फोटोंसाठी जहांगीरच्या टेरेसखेरीज नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या, म्हणजे नाटक-संगीताच्या राष्ट्रीय केंद्राच्या, आवारातली पिरामल गॅलरी ध्यानात ठेवा. तिथे जाताना समुद्र लागतो, म्हणून संध्याकाळ बरी.

बंद दारांच्या गॅलऱ्या

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खासगी गॅलऱ्यांकडे वळा. इथे दार बंद असतं, घंटी वाजवावी लागते, आत एसी आणि कॉम्प्युटरपुढे बसलेली मुलगी असते जी मान वर करून हसते आणि पुन्हा कामाला लागते. तेवढंच. पैसे लागत नाहीत, कुणी काही विकायला मागे लागत नाही. फोर्टमध्ये क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड प्रेस्कॉट रोड आहे. केमोल्ड १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती. कुलाब्यात प्रोजेक्ट ८८ आणि चॅटर्जी अँड लाल. इथे मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन), व्हिडिओ, आवाज असं बरंच काही भेटेल, जे फ्रेमच्या बाहेरचं आहे. महिन्यातल्या एका गुरुवारी यातल्या बऱ्याच गॅलऱ्या रात्रीपर्यंत उघड्या असतात. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो. तेव्हा गर्दीत मिसळून पहिल्यांदा आत शिरायला सोपं जातं.

काळा घोडा महोत्सव मात्र प्रदर्शन बघण्यासाठी नाही, जत्रेसाठी. जा, मजा करा, चित्रं दुसऱ्या आठवड्यात बघा.

भायखळा, एक वेगळा दिवस

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं मुंबईतलं सगळ्यात जुनं. आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ पासून आताचं नाव. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर आणि हाडाचे फोटोग्राफर. १८५४ साली मुंबईत निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत त्यांनी काम केलं. फोटोंच्या नादी लागलेल्या मराठी माणसाने हे नाव तरी माहीत करून घ्यावं.

इमारतीतले सोनेरी-हिरवे खांब आणि मातीची छोटी माणसं मुलांना फार आवडतात. त्या जुन्या कपाटांच्या मधोमध आजचे कलाकार आपली कामं मांडतात, ही इथली खासियत. सुदर्शन शेट्टी, जितीश कलाट यांनी ते केलंय. शंभर वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाहुल्यांशेजारी आजचं शिल्प बघितलं की दोन्हींकडे नव्याने बघावं लागतं. इमारतीबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. आणि काळा घोडाही इथेच. ज्याच्यावरून त्या परिसराला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवून इथे आणला. परिसरात आता उभा आहे तो २०१७ सालचा, स्वार नसलेला.

मुंबईबाहेरच्यांनी थोडक्यात एवढं बघावं: पुण्यात बालगंधर्व कलादालन, जिथे फोटोंची प्रदर्शनं सतत चालू असतात. साताऱ्याकडे जाणं झालं तर औंधचं श्रीभवानी संग्रहालय, तिथे राजा रविवर्मा तर आहेतच, पण इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही आहे, माळरानावरच्या टेकडीवर. गोव्यात पणजीच्या आल्तिन्यावरचं सुनापरांत हे कलाकेंद्र आणि पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा, आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव.

घ्यावंसं वाटलं तर

कधीतरी एखादं काम डोक्यातून जात नाही. लगेच घेऊ नका, एक चक्कर मारून या. मोठा कॅनव्हास परवडत नसेल तर त्याच कलाकाराची मुद्राचित्रं, रेखाटनं किंवा छोटे जलरंग आहेत का विचारा. बहुतेकांकडे टेबलाखाली एक फोल्डर असतो. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात, तिथे भाव करता येतो. आत तसा करू नका, फार तर ‘फ्रेमशिवाय किती’ एवढं विचारा. पावती आणि सहीचं प्रमाणपत्र घ्या, फोटो असेल तर प्रतीचा क्रमांक त्यावर लिहून घ्या. घरी नेल्यावर उन्हाची भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, दोन्ही टाळा. आणि फ्रेम करणाऱ्याला सांगा, की कागद काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.